माझी चूक उतरवून घेणाऱ्या वंशावळकारांस खुले पत्र

आपापल्या घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या, वंशावळी मांडणाऱ्या आणि त्या एकमेकांना पाठवणाऱ्या सर्व मंडळींस,

स. न. वि. वि.

आपल्यापैकी किमान सतरा जणांच्या वंशावळीत माझ्या पणजोबांचा जन्म १८७१ साली झाल्याची नोंद गेली. ते वर्ष चुकीचे आहे आणि ती चूक माझी आहे. बारा वर्षांपूर्वी मी आमची वंशावळ पहिल्यांदा सर्वांसाठी खुली केली, तिच्यासोबत पणजोबांच्या आयुष्यावर चार पानांचे टिपण जोडले आणि त्यातले प्रत्येक वाक्य मोठ्या खात्रीने लिहिले. हे पत्र ती चूक मागे घेण्यासाठी आहे. पण निव्वळ तेवढेच काम असते, तर सतरा जणांना सतरा चिठ्ठ्या पुरल्या असत्या. चूक कशी घडली आणि ती दुरुस्त करणे मला आजवर का जमले नाही, हे सांगून झाल्यावर आपल्या सगळ्यांच्याच कामाच्या पद्धतीबद्दल एक विनंती करायची आहे, म्हणून हे उघडपणे लिहीत आहे.

घडले ते असे. जन्माच्या नोंदवहीत मला पणजोबांचे नाव सापडले. वडिलांचे नाव जुळत होते, आईचे जुळत होते, घरही तेच होते. इतके सगळे जुळल्यावर पुढे पाहण्याचे कारण मला वाटले नाही आणि मी वही मिटली. (पणजोबांचे नाव इथे मुद्दाम देत नाही, ज्यांच्याकडे आमची वंशावळ आहे त्यांना ते ठाऊक आहे आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही.) १८९० साली त्यांनी घर सोडले, हे एका जुन्या पत्रावरून पक्के होते. एकाहत्तर ते नव्वद, म्हणजे एकोणीस वर्षे. एकोणीस म्हटल्याबरोबर एक धाडसी, नशीब काढायला निघालेला तरुण माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला आणि टिपणात मी लिहिले, 'ऐन तारुण्यात, स्वतःच्या हिमतीवर त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला.' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी जसेच्या तसे घेतले आहे. 'स्वतःच्या हिमतीवर' हे मला कुणी सांगितले नव्हते आणि मी ते कुठे वाचलेही नव्हते. एकोणीस या आकड्यातून ते मी परस्पर काढले होते.

पाच वर्षांनी मी भलत्याच कुणाचा तरी मृत्यू शोधत होते. मृत्यूच्या नोंदवहीत एका पानाच्या तळाशी तेच नाव, तेच वडील, तेच घर दिसले. वर्ष १८७४. वयाच्या रकान्यात ३. आजाराच्या रकान्यातला शब्द शाई पसरल्यामुळे लागत नाही. भिंग लावून पाहिले, छायाचित्र काढून ते उजळून पाहिले, पण शेवटचे एक अक्षर सोडता हाती काही आले नाही. मग जन्माची वही पुन्हा मागवली आणि पहिल्या खेपेला जिथे थांबले होते तिथून पुढची पाने उलटली. १८७६ साली त्याच आईवडिलांना मुलगा झाला होता आणि त्याला त्यांनी गेलेल्या मुलाचेच नाव ठेवले होते. दगावलेल्या मुलाचे नाव पाठच्या भावंडाला देण्याची रीत जगाच्या पाठीवर कितीतरी समाजांत होती, आणि या कामात मुरलेला कुणीही माणूस नवख्याला हे पहिल्याच दिवशी सांगतो. मलाही ते ठाऊक होते. मी पान उलटले नाही, इतकेच.

म्हणजे १८९० साली घर सोडणारा तो मुलगा चौदा वर्षांचा होता. आता माझे चार पानांचे टिपण वाचायला घेतले की पहिल्याच परिच्छेदात अडखळायला होते. चौदा वर्षांच्या पोराच्या घर सोडण्याला हिंमत म्हणावे, की त्याला कुणीतरी कामाला धाडले म्हणावे, हे मला माहीत नाही. पण मी लिहिले ते नक्कीच नव्हे. याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. माझ्या आत्याशी झालेले बोलणे मी टिपण लिहिण्याच्या आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. त्यात ती अगदी सहज म्हणते, 'आजोबा घरातून निघाले तेव्हा त्यांना मिसरूडसुद्धा फुटलं नव्हतं गं.' तिने हे तिच्या आजीकडून, म्हणजे पणजोबांच्या पत्नीकडून ऐकले होते. मी ते वाक्य ऐकले, लिहून घेतले आणि कंसात स्वतःची शेरेबाजी केली: 'बोलण्याची पद्धत, वय १९.' कागदाचा शब्द मोठा आणि म्हातारीचे बोलणे अलंकारिक, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात आत्या बरोबर होती आणि कागदही बरोबर होता. कागद वाचणारी चुकली होती.

मी दुरुस्ती करून नवी वंशावळ प्रसिद्ध केली आणि जिथे जिथे जुनी नक्कल दिसली तिथे तिथे कळवले. चौघांनी बदल केला. काहींनी उत्तर दिले नाही, काही आता हयात नसावेत. एका गृहस्थांनी मात्र अत्यंत सौजन्याने लिहिले की, सतरा वेगवेगळ्या वंशावळींत १८७१ हेच वर्ष आढळते, तेव्हा आपलाच काही घोटाळा होत नाही ना, हे एकदा तपासून पाहावे. त्यांनी मोजलेल्या सतराही नकला माझ्याच होत्या. त्यांचा मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते, तर मीही बहुधा हेच लिहिले असते, कारण त्यांच्या समोरच्या एकाही वंशावळीत ते वर्ष आले कुठून याचा पत्ता नव्हता. मूळ वंशावळीतच मी तो दिला नव्हता.

माझी विनंती इथून सुरू होते. पूर्वजांबद्दलचे कोणतेही विधान पुढे पाठवताना ते आपल्याला कळले कुठून, हे त्याच्यासोबत पाठवावे. आणि ज्या विधानाला असा पत्ता जोडलेला नाही ते आपल्या वंशावळीत घेऊ नये, घ्यायचेच असेल तर 'आधार अज्ञात' असे ठळक लिहून घ्यावे. सोय नाही म्हणून हे होत नाही, असेही म्हणता येणार नाही. वंशावळीची फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेता यावी म्हणून १९८४ साली जेडकॉम हे स्वरूप तयार झाले आणि या क्षेत्रातल्या बहुतेक सॉफ्टवेअरना ते आजही समजते. त्यात प्रत्येक घटनेला तिचा आधार जोडता येतो. इतकेच नव्हे, तर त्या आधारावर कितपत भिस्त ठेवावी हे ० ते ३ अशा आकड्यांत नोंदवण्याची जागाही आहे. ० म्हणजे बेभरवशाचा आधार किंवा निव्वळ अंदाज, ३ म्हणजे थेट आणि प्राथमिक पुरावा. ती जागा माझ्या फाइलीत रिकामी होती. गेल्या बारा वर्षांत माझ्याकडे आलेल्या फाइलींपैकी एकाही फाइलीत ती भरलेली मी पाहिली नाही.

आधार लिहिणे म्हणजे 'दाखला पाहिला' एवढे लिहून मोकळे होणे नव्हे, हेही अनुभवाने कळले. एकाच कागदावरची दोन विधाने सारख्या वजनाची नसतात. मृत्यूचा दाखला घ्या. मृत्यूची तारीख आणि जागा सांगणारा माणूस तिथे हजर होता किंवा दोनचार तासांत पोहोचला होता, त्यामुळे त्या भागावर विश्वास ठेवायला हरकत नाही. पण त्याच दाखल्यावर मृताची जन्मतारीख आणि त्याच्या आईचे माहेरचे नाव असते, आणि ते सांगणारा कदाचित जावई असतो, ज्याने ती आई कधी पाहिलेली नसते आणि जो त्या क्षणी दुःखात किंवा धावपळीत असतो. दाखल्यावर माहिती देणाऱ्याचे नाव लिहिलेले असेल, तर ते आपण सर्वांत आधी वाचावे आणि आपल्या टिपणात उतरवावे. तसेच मूळ नोंदवही, तिचे छायाचित्र, त्यावरून कुणी केलेली सूची आणि त्या सूचीवरून केलेली वंशावळ या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक पायरीवर एक हात बदलतो आणि प्रत्येक हात ७ चा १ वाचू शकतो. अमेरिकेत बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स ही संस्था १९६४ पासून या कामातल्या व्यावसायिकांना प्रमाणपत्र देते. तिच्या कसोटीत पुरेसा कसून शोध, आधारांचा नेमका उल्लेख आणि पुराव्यांची परस्परांशी तुलना यांबरोबरच परस्परविरोधी पुराव्यांचा निकाल लावणे आणि निष्कर्ष तर्कशुद्धपणे लिहून काढणे हेही येते. हौशी माणसाने एवढे सगळे करावे असा माझा आग्रह नाही. पण परस्परविरोधी पुरावा कंसात टाकून पुढे जाऊ नये, एवढे मी आत्याच्या त्या वाक्यावरून शिकले.

तारखांच्या बाबतीत तर कागद बरोबर असूनही आपण चुकतो. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे तिथल्या नोंदवहीत 'फेब्रुवारी १७४०' असे असलेले मूल आपल्या हिशेबाने फेब्रुवारी १७४१ मध्ये जन्मलेले असते; आणि १७५२ साली कॅलेंडर बदलल्यामुळे २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी थेट १४ सप्टेंबर उजाडला. रशियात कॅलेंडरचा हाच बदल १९१८ साली झाला. शके मोजणाऱ्या आपल्याकडच्या कागदांत ७८ मिळवण्याची सवय सगळ्यांना आहे, पण शके १७९९ मधल्या माघाला ७८ मिळवून आपण १८७७ लिहितो आणि तो माघ असतो १८७८ चा. मूळ नोंद आहे तशी लिहावी आणि आपण केलेले रूपांतर तिच्या शेजारी वेगळे लिहावे, म्हणजे आपला हिशेब चुकला तरी पुढच्याला तो दुरुस्त करता येईल. लिपीचेही तसेच. तुर्कस्तानात १९२८ साली लिपी बदलली, जर्मन शाळांतून जुने वळणदार लेखन १९४१ साली गेले, आपल्याकडे मोडी मागे पडली. नातवाला आजोबांचे पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते आणि ते कुणी वाचून दिले हे मात्र सहसा कुठेच नोंदले जात नाही.

ज्यांच्याकडे कागदच उरलेले नाहीत त्यांचा मोह मला अधिक समजतो. ३० जून १९२२ रोजी डब्लिनमधील अभिलेखागार यादवी युद्धात स्फोटाने आणि आगीने नष्ट झाले आणि एकोणिसाव्या शतकातल्या पूर्वार्धाच्या आयरिश जनगणनांची घरोघरची पत्रके जवळजवळ सगळी त्यात गेली. अमेरिकेची १८९० सालची जनगणना १९२१ च्या आगीत होरपळली आणि जे उरले होते ते पुढे सरकारनेच नष्ट केले. इंग्लंड आणि वेल्सची १९३१ सालची जनगणना १९४२ साली जळाली. अशी भगदाडे पडलेल्या ठिकाणी एखादी मिळतीजुळती वंशावळ समोर आली की माणूस तिला कवटाळतो, आणि बनवणारेही हे ओळखून असतात. गुस्ताव्ह आंजू नावाच्या गृहस्थाने विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतल्या धनाढ्य कुटुंबांना हव्या तशा वंशावळी बनवून विकल्या. त्यांत खऱ्या नोंदींच्या अधेमध्ये खोटे दाखले इतक्या बेमालूमपणे पेरलेले होते की त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशके अभ्यासक ते वेचून काढत आहेत. मला त्यातली हीच बाब महत्त्वाची वाटते: त्याने आधार दिले होते. म्हणून केवळ आधाराचा उल्लेख पाहून थांबू नये, एखादा तरी मूळ कागद स्वतः उघडून पाहावा.

ज्यांना आपले नाते एखाद्या राजाशी जोडायचे असते, त्यांनी जरा हिशेब करून पाहावा. आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. दहाव्या पिढीत १,०२४ आणि तिसाव्या पिढीत शंभर कोटींहून अधिक जागा होतात. पिढीला पंचवीस वर्षे धरली, तर तीस पिढ्या म्हणजे साडेसातशे वर्षे, आणि तेव्हा साऱ्या जगातही एवढी माणसे नव्हती. म्हणजेच तेच तेच पूर्वज आपल्या वंशावळीत अनेक जागी येतात आणि दूरच्या काळात आपण सगळेच एकमेकांचे कुणी ना कुणी लागतो. राजा त्यांत असेलही. पण तो सापडल्याने त्याच पिढीतल्या बाकी हजार जणांचा शोध थांबावा, इतके त्याचे महत्त्व मला वाटत नाही.

कथांकडे वळते, कारण आपल्यापैकी बहुतेकांना नोंदीपेक्षा कथाच अधिक प्रिय असतात आणि त्या असाव्यातही. 'तीन भाऊ निघाले, एक इथे राहिला, एक तिकडे गेला, एकाचा पत्ता लागला नाही' ही कथा मी निदान दहा घराण्यांतून ऐकली आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या असंख्य कुटुंबांत सांगतात की, न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचे आडनाव बदलले. १८९२ ते १९५४ या काळात एक कोटी वीस लाखांच्या आसपास माणसे त्या बेटावरून आत आली. तिथले अधिकारी जहाज निघताना तयार झालेल्या यादीवरून नावे ताडून पाहत, नवी नावे देत नसत. आडनावे बदलली ती बहुतेक वेळा त्या माणसांनी स्वतःच, पुढे नोकरी आणि शेजार पाहून. ही कथा खोटी ठरली म्हणून ती टाकून द्यावी असे मी म्हणणार नाही. आजोबांनी आडनाव स्वतः बदलले होते आणि नातवांना मात्र अधिकाऱ्याचे नाव सांगितले, यातूनही आजोबांबद्दल काही कळते. फक्त तिला कथा म्हणून लिहावे: कुणी सांगितली, केव्हा सांगितली, त्यांनी कुणाकडून ऐकली, आणि कागदांशी ती कुठे जुळते, कुठे जुळत नाही.

बेल्जियन इतिहासकार यान व्हान्सिना (१९२९–२०१७) यांनी आफ्रिकेतल्या मौखिक परंपरांचा अभ्यास करताना एक गोष्ट टिपली होती. लोकांना मूळ पुरुषाबद्दल भरपूर सांगता येते, गेल्या दोनतीन पिढ्यांबद्दलही भरपूर सांगता येते, पण मधल्या काळाबद्दल जवळजवळ काहीच सांगता येत नाही. आणि पिढ्या पुढे सरकतात तशी ती पोकळीही पुढे सरकत राहते. आपल्या घरात हे तपासून पाहावे. मूळ पुरुष कुठून आला हे सगळ्यांना ठाऊक असते, पणजोबांचे किस्से ठाऊक असतात, पण खापरपणजोबांचे नाव विचारले की सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. ज्यांच्या घरात आज ऐंशी-नव्वदीतली माणसे आहेत त्यांनी नोंदवह्यांच्या मागे लागण्याआधी त्या माणसांपाशी बसावे, वह्या थांबतील. साल विचारू नये, कारण साल क्वचितच आठवते. तेव्हा घरात कोण कोण होते, कोण लहान होते, कोण आजारी होते, पूर आधी आला की लग्न आधी झाले, असे विचारावे. छायाचित्र हातात द्यावे आणि गप्प बसावे. बोलणे ध्वनिमुद्रित करावे आणि त्या फाइलीवर तारीख व सांगणाऱ्याचे नाव घालावे. दोन भावंडांनी एकच प्रसंग दोन तऱ्हांनी सांगितला, तर दोन्ही ठेवावेत. त्यांतला 'खरा' निवडण्याची घाई मी एकदा केली आहे.

त्यातच वगळण्याचीही सवय येते. टिपणात कर्ज, तुरुंग, वेड, पळून जाणे, अनौरस मूल यांतले काहीच नसते आणि वाचून असे वाटते की जगातले सगळे पूर्वज कष्टाळू, प्रेमळ आणि स्वाभिमानी होते. एमरी विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याविषयी वीस प्रश्न विचारून पाहिले होते: आजीआजोबा कुठे वाढले, आईवडिलांची भेट कशी झाली, असे. ज्यांना अधिक उत्तरे येत होती त्या मुलांचा आत्मविश्वास आणि आपल्या आयुष्यावर आपला काही ताबा असल्याची भावनाही अधिक आढळली. उत्तरे पाठ करून घेतली की मूल घडेल, असा याचा अर्थ नाही, हे ड्यूक यांनीच बजावले आहे. फिवुश आणि ते ज्या कथनाला सर्वांत उपयोगी मानतात त्यात चढ असतात आणि उतारही असतात. स्त्रियांना वगळण्याची सवय तर इतकी जुनी आहे की ती दिसतही नाही. कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ २००९ साली नव्याने प्रसिद्ध झाली, तीत वीस लाखांहून अधिक नावे आहेत आणि स्त्रियांची नावे तीत पहिल्यांदाच आली. माझ्या स्वतःच्या पहिल्या वंशावळीत पणजोबांच्या पत्नीच्या जागी नुसते 'पत्नी' असे होते, आणि त्यांचे खरे वय ठाऊक असलेली घरातली एकमेव व्यक्ती तीच होती.

हे सगळे मृतांबद्दल झाले. जिवंत माणसांबद्दलचा नियम वेगळा आणि साधा आहे: विचारल्याशिवाय काहीही उघड करू नये. डीएनए चाचणीने हा प्रश्न फार नाजूक केला आहे, कारण चाचणी देणारा एकटा असतो आणि उघडे पडणारे अनेक असतात. सख्ख्या चुलत भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो, म्हणून कुणी तरी एकाने चाचणीसाठी लाळेची नळी पाठवली की दुसऱ्या घरातले दत्तक विधान किंवा लपवलेले पितृत्व बाहेर येऊ शकते. २०१८ साली कॅलिफोर्नियाच्या पोलिसांनी जोसेफ डीअँजेलो या खुन्याला चार दशकांनंतर गाठले, ते डीएनए जुळवून पाहणाऱ्या जेडमॅचसारख्या संकेतस्थळावर दूरच्या नातलगांनी स्वखुशीने ठेवलेल्या माहितीवरून वंशावळ रचून. खुनी सापडला हे उत्तमच झाले. पण त्या नातलगांना आपण कुणाचा माग देत आहोत याची कल्पना नव्हती. २०२३ साली ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती बाहेर गेली, तेव्हा चोरांनी थेट शिरकाव केला होता तो चौदा हजारांच्या आसपास खात्यांत; बाकीची माहिती नातलग शोधून देणाऱ्या सोयीतून मिळाली. चाचणीचे निष्कर्ष वंशावळीत घालण्याआधी ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांना फोन करावा. संमती मिळाली नाही, तर ती माहिती लिहून, पाकिटात घालून, पुढच्या पिढीसाठी ठेवता येते. शिवाय चाचणी सगळे सांगते असेही नाही. दहाव्या पिढीतल्या कित्येक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्या शरीरात उतरलेला नसतो, आणि म्हणून ते आपले पूर्वज नव्हते असे होत नाही.

दुरुस्ती कशी करावी याबद्दल एक अखेरचा मुद्दा. मी पहिल्यांदा चूक लक्षात आल्यावर गुपचूप १८७१ खोडून १८७६ लिहिले होते. त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांच्याकडे जुनी नक्कल होती त्यांना वाटले, दोन मते आहेत आणि आपले जुने म्हणून अधिक विश्वसनीय आहे. आता मी जुने वर्ष, नवे वर्ष, बदलाची तारीख आणि बदलाचे कारण असे चारही शेजारी शेजारी लिहिले आहे, मृत्यूच्या नोंदीचे आणि दोन्ही जन्मनोंदींचे छायाचित्र जोडले आहे, आत्याचे वाक्य तिच्याच शब्दांत दिले आहे आणि तिच्या वाक्यावर मी मारलेला शेराही खोडलेला नाही. ज्यांना माझा निष्कर्ष पटणार नाही त्यांना तो त्याच कागदांवरून खोडून काढता येईल.

उरलेल्या तेरा जणांना मात्र माझी एक खासगी विनंती आहे. आपण १८७१ बदलून १८७६ कराल तेव्हा कृपया जुनी नोंद पुसून टाकू नये. ती खोटी नाही, ती दुसऱ्या मुलाची आहे. त्याला भावंडांच्या ओळीत पणजोबांच्या आधी एक स्वतंत्र जागा द्यावी आणि तिथे त्याचे नाव, जन्म १८७१, मृत्यू १८७४, आजार वाचता येत नाही, असे लिहावे. त्याच्याबद्दल याहून अधिक काही मला सापडलेले नाही.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपली,
सतरा वंशावळींत चुकलेली एक संकलक